मेमरी बँडविड्थ मॉनिटरिंगचा मोड बदलायचाय? आधी काउंटर मोजा

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१८ कर्नलपासून एएमडीच्या ठरावीक प्रोसेसरांवर मेमरी बँडविड्थ (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधली डेटाची वाहतूक) मोजायचे दोन मोड मिळतात: डिफॉल्ट आणि एमबीएम_इव्हेंट. एमबीएम म्हणजे मेमरी बँडविड्थ मॉनिटरिंग. एकातून दुसऱ्यात जायला एक ओळ पुरते, म्हणून बहुतेक जण ती ओळ मारतात आणि मोकळे होतात. मग डॅशबोर्डवर आकड्यांच्या जागी ‘अनअसाइन्ड’ झळकायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी आकडे दिसतात, पण अर्धवट असतात. इथे भर आहे तो त्या एका ओळीच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, यावर.

कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची. अंडरस्कोअर दाखवलाय तिथेच द्या. ‘एल३’मधला एल कायम कॅपिटल, आणि इन्फोमधली एल३_मॉन ही डिरेक्टरी अख्खी कॅपिटल अक्षरांत असते.

## दोन मोडांत फरक काय

रिसकंट्रोल म्हणजे कॅश आणि मेमरी बँडविड्थ मोजायची व वाटायची कर्नलमधली सोय. त्यात प्रत्येक मॉनिटरिंग ग्रुपला, म्हणजे एकत्र मोजायच्या कामांच्या गटाला, एक आरएमआयडी (ओळख क्रमांक) मिळतो आणि हार्डवेअर त्या आरएमआयडीच्या नावावर बाइट्स मोजतं. अडचण अशी की एएमडीच्या चिपवर आरएमआयडी भरपूर, पण प्रत्यक्ष मोजणारे काउंटर मोजकेच. डिफॉल्ट मोडमध्ये कुठल्या आरएमआयडीला काउंटर द्यायचा हे हार्डवेअर स्वतःच ठरवतं आणि लागेल तसा काढूनही घेतं. घरं दोनशे, वीजमीटर बत्तीस, आणि वायरमन आपल्या मर्जीने मीटर या घरातून त्या घरात हलवतोय, असा प्रकार. काउंटर गेला की वाचन ‘अनअव्हेलेबल’ येतं. परत मिळाला की मोजणी शून्यापासून. दोन वाचनांच्या मधे हे घडून गेलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, फक्त वजाबाकी चुकते.

एमबीएम_इव्हेंट मोडमध्ये काउंटर कुणाला द्यायचा हे तुम्ही ठरवता आणि तुम्ही काढेपर्यंत तो तिथेच राहतो. या हार्डवेअर सोयीला एएमडी एबीएमसी (असाइनेबल बँडविड्थ मॉनिटरिंग काउंटर्स) म्हणते. इंटेलच्या यंत्रांवर ही निवड नाही. तिथे डिफॉल्टच चालतो.

माझं मत सांगायचं तर एबीएमसी असलेल्या यंत्रावर डिफॉल्टमधल्या आकड्यांवरून कुठलाही निर्णय घेऊ नये. कर्नलचं डॉक्युमेंटेशनही तिथे एमबीएम_इव्हेंटच सुचवतं.

## पायरी १: यंत्राला हे जमतं का ते बघा

रूट शेल उघडा. रिसकंट्रोल माउंट नसेल तर आधी माउंट करा:

माउंट -टी रिसकंट्रोल रिसकंट्रोल /सिस/एफएस/रिसकंट्रोल

आता त्यातल्या इन्फो/एल३_मॉन डिरेक्टरीत जा आणि वाचा:

कॅट एमबीएम_असाइन_मोड

दोन्ही मोड दिसले तर काम होणार. जो चालू असेल त्याभोवती चौकटी कंस असतो. फाइलच नसेल, किंवा तिच्यात फक्त डिफॉल्ट असेल, तर हार्डवेअर किंवा कर्नल यांपैकी एकाची तयारी नाही. अशा वेळी बूटची कमांड लाइनही एकदा बघून घ्या. आरडीटी= या पॅरामीटरमध्ये कुणी उद्गारचिन्ह लावून एबीएमसी बंद करून ठेवलेलं असू शकतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सीपीयूइन्फो या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलीत एबीएमसी शोधणं. तो फ्लॅग तिथे मुद्दामच दाखवलेला नाही. रिसकंट्रोलच्या इन्फो डिरेक्टरीतून कळणाऱ्या गोष्टींसाठी सीपीयूइन्फोत नवे फ्लॅग वाढवायचे नाहीत, असं कर्नलचं धोरण आहे. त्यामुळे तिथे ग्रेप करून काही सापडलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरी चूक म्हणजे यूनेम कमांडने दिलेला कर्नलचा आकडा बघून ठरवणं. डिस्ट्रिब्यूशनवाले नवे बदल जुन्या कर्नलमध्ये आणतात. शब्द प्रमाण तो फक्त या फाइलीचा.

इशारा: एबीएमसी असलेल्या यंत्रावर नवा कर्नल बूट झाला की एमबीएम_इव्हेंट मोड आपोआप चालू असतो. म्हणजे तुम्ही काही बदललं नाही तरी कर्नल अपग्रेडनंतर मोड बदललेला असू शकतो. ‘काल चालत होतं, आज अर्ध्या ग्रुपांना आकडेच नाहीत’ या तक्रारीचं मूळ कैकदा एवढंच असतं.

## पायरी २: काउंटरांचा हिशेब कागदावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. ही टाळली की पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागतात.

त्याच डिरेक्टरीत दोन फाइली आहेत. नम_आरएमआयडीएस सांगते की ग्रुप जास्तीत जास्त किती करता येतील. नम_एमबीएम_सीएनटीआरएस सांगते की प्रत्येक डोमेनमध्ये (एक एल३, म्हणजे तिसऱ्या पातळीची कॅश, वाटून घेणारा कोरांचा गट) काउंटर किती आहेत. दुसरी फाइल वाचली की असं काहीसं येतं:

०=३२;१=३२

म्हणजे शून्य आणि एक अशी दोन डोमेन, प्रत्येकात बत्तीस काउंटर. लोक पहिल्या फाइलीतला २५६ सारखा आकडा बघतात आणि तेवढ्या ग्रुपांची बँडविड्थ मोजता येईल असं धरून चालतात. तसं नाही. काउंटर आरएमआयडीला एकगठ्ठा लागत नाही. आरएमआयडी आणि इव्हेंट अशा जोडीला लागतो. इव्हेंट दोन: एमबीएम_टोटल_बाइट्स (सगळ्या मेमरीची वाहतूक) आणि एमबीएम_लोकल_बाइट्स (फक्त जवळच्या मेमरीची; दूरची ती रिमोट). दोन्ही मोजायचे तर एका ग्रुपला एका डोमेनमध्ये दोन काउंटर जातात. बत्तीस काउंटर म्हणजे सोळा ग्रुप, आणि त्या सोळांत रूट ग्रुपही (आधीपासून असणारा मूळ ग्रुप) आला. तुमच्या हातात राहिले पंधरा.

पुरत नसतील तर काटकसर दोन बाजूंनी होते. लोकलचा आकडा कुणी बघतच नसेल तर फक्त टोटलला काउंटर द्या. तेवढ्याच काउंटरांत दुप्पट ग्रुप बसतात. दुसरी बाजू डोमेनची. एएमडीच्या एपिक प्रोसेसरांत एका सॉकेटात अनेक एल३ कॅश असतात आणि प्रत्येक एल३ हे वेगळं डोमेन असतं. एखादं काम ठरावीक कोरांना बांधलेलं असेल तर त्याला फक्त त्याच डोमेनमध्ये काउंटर द्या, बाकी ठिकाणी तो वाया जातो. कुठले कोर कुठल्या डोमेनमध्ये, हे सिसएफएसमध्ये त्या सीपीयूच्या कॅश/इंडेक्स३ डिरेक्टरीत कळतं. तिथल्या आयडी फाइलीतला क्रमांक म्हणजेच रिसकंट्रोलचा डोमेन क्रमांक, आणि शेअर्ड_सीपीयू_लिस्टमध्ये सोबतचे कोर.

एक साधा तक्ता करा: ग्रुप, इव्हेंट, डोमेन, काउंटर. डोमेनवार बेरीज नम_एमबीएम_सीएनटीआरएसच्या आत बसली की पुढे चला.

तपासणी: यंत्रावर रिसकंट्रोलचे ग्रुप दुसरं कुणी बनवतंय का? व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट बनवू शकतं, कंटेनर रनटाइमही बनवू शकतात. त्यांचे ग्रुप तुमच्या तक्त्यात धरले नाहीत तर हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडेल.

## पायरी ३: आकडे गोळा करणारे थांबवा

मोड बदलला की सगळ्या ग्रुपांचे बँडविड्थ काउंटर रीसेट होऊ शकतात. ते होणार असंच धरून चाला. एमबीएमचा आकडा हा साठत जाणारा बाइट्सचा आकडा आहे, दर नव्हे. दर काढण्यासाठी कलेक्टर दोन वाचनांची वजाबाकी करतो. मधेच आकडा खाली आला तर काही कलेक्टर ऋण दर दाखवतात. काही जण ‘काउंटर ओव्हरफ्लो झाला’ असं समजून भलामोठा आकडा जोडतात आणि मध्यरात्री कुणाचा तरी फोन वाजतो.

म्हणून क्रम असा:

१. कलेक्टर आणि अलर्ट थांबवा.
२. प्रत्येक ग्रुपचं शेवटचं वाचन वेळेसकट लिहून ठेवा.
३. डिफॉल्टमधून येत असाल आणि एमबीएम_टोटल_बाइट्स_कॉन्फिग या नावाची फाइल दिसत असेल, तर ती आणि तिची लोकल जोडीदार वाचून ठेवा. नवा मोड चालू झाला की या दोन फाइली अदृश्य होतात.
४. एमएसआर (प्रोसेसरची अंतर्गत रजिस्टरं) थेट लिहिणारं एखादं टूल चालू असेल तर ते बंद करा. कर्नल आणि ते टूल एकाच रजिस्टरवर भांडले तर तुमच्या हाती काहीच खात्रीचं लागत नाही.

इशारा: ‘सगळं स्वच्छ करून घेऊ’ म्हणून रिसकंट्रोल अनमाउंट करू नका. अनमाउंट केलं की तुम्ही बनवलेले सगळे ग्रुप जातात, आणि त्यांच्यासोबत कॅश व बँडविड्थच्या मर्यादाही. चालू सर्व्हरवर हे फार महागात पडतं.

## पायरी ४: मोड बदला

इको एमबीएम_इव्हेंट > एमबीएम_असाइन_मोड

सुडो लावून हीच ओळ मारली तर ‘परमिशन डिनाइड’ येईल. कारण सुडो फक्त इकोला लागतं, बाण तुमच्या साध्या शेलचाच राहतो. रूट शेल वापरा किंवा पाइप करून सुडो टीकडे द्या.

लगेच कॅट करून कंस हलला का ते बघा. आधीपासून त्याच मोडमध्ये असाल तर ही ओळ काहीच करत नाही, काउंटरांनाही धक्का लागत नाही. त्यामुळे ‘रीसेट व्हावं म्हणून पुन्हा तोच मोड लिहिला’ हा उपाय निरुपयोगी.

एरर आली तर इन्फो डिरेक्टरीतली लास्ट_सीएमडी_स्टेटस वाचायची सवय ठेवा. शेलमधला ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ काहीच सांगत नाही. खरं कारण त्या फाइलीत एका ओळीत लिहिलेलं असतं. फक्त ती लगेच वाचा, पुढची कमांड दिली की मजकूर बदलतो.

## पायरी ५: आधीपासूनच्या ग्रुपांना काउंटर द्या

सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. मोड बदलल्यावर आधीपासून असलेल्या ग्रुपांना काउंटर आपोआप मिळत नाहीत. आपोआप मिळतात ते यापुढे एमकेडीरने बनवलेल्या नव्या ग्रुपांना, कारण एमबीएम_असाइन_ऑन_एमकेडीर या फाइलीत १ असतं आणि डिफॉल्टमधून या मोडमध्ये येताना ते पुन्हा १ केलं जातं.

तक्त्याप्रमाणे काउंटर वाटणार असाल तर आधी त्या फाइलीत ० लिहा. नाहीतर तुम्ही हाताने वाटप करत असताना एखादा रनटाइम नवा ग्रुप बनवेल आणि प्रत्येक डोमेनमधले दोन दोन काउंटर परस्पर उचलून नेईल.

मग प्रत्येक ग्रुपच्या डिरेक्टरीत जाऊन एमबीएम_एल३_असाइनमेंट्स वाचा. काउंटर नसलेला ग्रुप असा दिसतो:

एमबीएम_टोटल_बाइट्स:०=_;१=_
एमबीएम_लोकल_बाइट्स:०=_;१=_

अंडरस्कोअर म्हणजे काउंटर नाही. ‘ई’ हे छोटं रोमन अक्षर म्हणजे काउंटर फक्त या जोडीसाठी राखलेला. फक्त शून्य डोमेनमध्ये टोटल हवा असेल तर:

इको "एमबीएम_टोटल_बाइट्स:०=ई" > एमबीएम_एल३_असाइनमेंट्स

सगळ्या डोमेनमध्ये हवा तर क्रमांकाच्या जागी तारांकन. पण यंत्रावर बारा डोमेन असताना सवयीने तारांकन मारणं म्हणजे पायरी २ मधली काटकसर पाण्यात घालणं. काढून घ्यायचा तर ‘ई’च्या जागी अंडरस्कोअर. लिहिताना अवतरणचिन्हं विसरू नका: एका ओळीत दोन डोमेन दिलीत तर मधला अर्धविराम शेलच्या दृष्टीने कमांडचा शेवट असतो.

एका ग्रुपला दिल्यावर अव्हेलेबल_एमबीएम_सीएनटीआरएस वाचा. बत्तीसपैकी फक्त रूट ग्रुपने दोन घेतलेले असतील तर तीस दिसले पाहिजेत, मग अठ्ठावीस, असं उतरत. उतरला नाही तर तुमचं लिखाण लागलेलं नाही.

इशारा: काउंटर संपले असताना नवा ग्रुप बनवला तरी एमकेडीर अपयशी होत नाही. ग्रुप बनतो, कामं त्यात जातात, फक्त बँडविड्थचं वाचन ‘अनअसाइन्ड’ येतं. स्क्रिप्टमध्ये एमकेडीरचा एक्झिट कोड तपासून समाधान मानू नका. असाइनमेंटची फाइल वाचून खात्री करा.

## पायरी ६: इव्हेंट फिल्टर, लागला तरच

इव्हेंट_कॉन्फिग्स डिरेक्टरीत दोन्ही इव्हेंटांसाठी एकेक इव्हेंट_फिल्टर फाइल असते. तो इव्हेंट मेमरीचे कुठले व्यवहार मोजतो, त्यांची नावं तिच्यात स्वल्पविरामाने दिलेली असतात. डिफॉल्ट मोडमध्ये हेच ०एक्स७एफ किंवा ०एक्स१५ अशा हेक्समध्ये डोमेनवार लिहावं लागायचं. इथे शब्द आहेत, आणि फिल्टर सगळ्या ग्रुपांना, सगळ्या डोमेनांना एकदमच लागू होतो. एका ग्रुपसाठी वेगळा फिल्टर लावता येत नाही.

‘टोटलमधून लोकल वजा केला की रिमोट मिळतो’ हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. मूळ फिल्टरमध्ये लोकल इव्हेंट लोकल रीड, लोकल नॉन-टेम्पोरल राइट (कॅश टाळून मेमरीत लिहिणं) आणि लोकल स्लो मेमरीचे रीड एवढंच मोजतो. टोटलमध्ये यांच्यासोबत रिमोटची तिन्ही भावंडं येतात, आणि शिवाय डर्टी_व्हिक्टिम_राइट्स_ऑल: कॅशमधून बाहेर पडणाऱ्या बदललेल्या लाइनींची परतलिखाणं, मेमरी कुठलीही असो. म्हणजे एकाच सॉकेटच्या यंत्रावर रिमोट काहीच नसतानाही वजाबाकी शून्य येणार नाही. भरपूर लिहिणाऱ्या डेटाबेसवर तर ती चांगलीच मोठी येते, आणि कुणीतरी न्यूमाच्या (कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरच्या जवळ, या रचनेच्या) सेटिंगमागे दोन दिवस घालवतं.

रिमोट खरंच हवा असेल तर एका इव्हेंटच्या फिल्टरमध्ये फक्त रिमोटचे प्रकार लिहा. मग फाइलीचं नाव लोकल आणि आत आकडा रिमोटचा, असा विनोद होतो. टीमच्या नोंदींत हे ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडेल.

फिल्टर बदलल्यावर पहिलं वाचन ‘अनअव्हेलेबल’ येऊ शकतं. ते सोडून द्या, पुढचं घ्या.

## पायरी ७: आकडा खरा आहे का ते पडताळा

कलेक्टर चालू करण्याआधी एक ग्रुप हाताने तपासा. ग्रुपच्या मॉन_डेटा डिरेक्टरीत डोमेनवार उपडिरेक्टरी असतात. त्यातली एमबीएम_टोटल_बाइट्स दोनदा वाचा, मधे दहा सेकंद. समजा फरक २०,००,००,००,००० बाइट्स आला, तर दर सेकंदाला २ जीबी. चाचणीसाठी चालवलेला प्रोग्राम एल३ कॅशपेक्षा बराच मोठा डेटा फिरवणारा हवा. डेटा कॅशमध्येच मावला तर मेमरीकडे वाहतूक फारशी जातच नाही. आकडा जवळजवळ हलत नाही, आणि तो बरोबरच असतो.

आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर याच क्रमाने बघा:

पहिलं, टास्क्स फाइलीत सगळे थ्रेड आहेत का. पीआयडी लिहिला की फक्त तोच टास्क हलतो. आधीच चालू असलेले त्याचे बाकीचे थ्रेड जुन्याच ग्रुपमध्ये राहतात. नंतर जन्मलेले मात्र सोबत येतात.

दुसरं, काम दुसऱ्या डोमेनवर सरकलंय का. तिथे काउंटर दिला नसेल तर तेवढी वाहतूक मोजलीच जात नाही.

तिसरं आणि सगळ्यात फसवं. कंट्रोल ग्रुपचं (ज्याला मर्यादाही लावता येतात असा ग्रुप) वाचन म्हणजे तो स्वतः अधिक त्याच्या पोटातले मॉनिटरिंग ग्रुप यांची बेरीज. त्या ग्रुपला आणि पोटातल्या एकालाही काउंटर नसेल तरच ‘अनअसाइन्ड’ येतं. चारपैकी एकालाच काउंटर असेल तर त्या एकाचा आकडा बेरीज म्हणून समोर येतो. कुठलीही सूचना नाही, कुठलाही इशारा नाही. म्हणून बेरजेवर भिस्त ठेवण्याआधी पोटातल्या प्रत्येक ग्रुपची असाइनमेंट फाइल वाचा.

कलेक्टरमध्ये ‘अनअसाइन्ड’, ‘अनअव्हेलेबल’ आणि ‘एरर’ हे तीन शब्द वेगवेगळे हाताळा. कुठल्याही परिस्थितीत त्यांचं शून्य करू नका. शून्य हे मोजमाप आहे, हे तिन्ही शब्द मोजमाप नसल्याची कबुली.

## डिफॉल्टवर परत जाताना

त्याच फाइलीत डिफॉल्ट लिहा. क्रम तोच: आधी कलेक्टर बंद, मग बदल. परतल्यावर असाइनमेंटच्या आणि शिल्लक काउंटरांच्या फाइली वाचायला गेलात तर एरर येईल, कारण त्यांचा अर्थ दुसऱ्याच मोडमध्ये आहे. पुन्हा एमबीएम_इव्हेंटमध्ये आलात तर इव्हेंट फिल्टर मूळ स्थितीत गेलेले असतील आणि वाटलेले काउंटर निघून गेलेले असतील. सहज ‘बघू तरी’ म्हणून मोड पुढे-मागे केला तर पायरी ५ आणि ६ पुन्हा कराव्या लागतात.

## रीबूटनंतर

यातलं काहीच टिकत नाही: ग्रुप, वाटप, फिल्टर, काहीही. सगळं एका स्क्रिप्टमध्ये घाला आणि सिस्टमडीच्या वनशॉट युनिटने चालवा. स्क्रिप्टमधला क्रम असा: माउंट, मोड तपासणं, एमबीएम_असाइन_ऑन_एमकेडीरमध्ये ०, रूट ग्रुपचे नको असलेले काउंटर काढणं, ग्रुप बनवणं, तक्त्याप्रमाणे वाटप, फिल्टर, आणि शेवटी प्रत्येक डोमेनचे शिल्लक काउंटर लॉगमध्ये. रूट ग्रुपचं लोक विसरतात. माउंट होतानाच तो दोन्ही इव्हेंटांसाठी काउंटर घेऊन बसतो.

हे युनिट लिबव्हर्ट आणि कंटेनर रनटाइमच्या आधी चाललं पाहिजे, म्हणून ‘बिफोर’मध्ये त्यांची नावं लिहा. आणि मोड अपेक्षेप्रमाणे नसेल तर स्क्रिप्टने तो गुपचूप बदलण्याऐवजी युनिट फेल करावं; पुढच्या कर्नल अपग्रेडला काय बदललं ते तुम्हाला डॅशबोर्डच्या आधी लॉगमध्ये कळेल.